दहाचे नाणे का अडते?

आपणच चलनात आणलेले नाणे खरे आहे, ते घ्या, असे मध्यवर्ती बँकेला लोकांना जाहीरपणे सांगावे लागणे ही साधी गोष्ट नाही. भारतात हे वारंवार घडले. २० नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटबंदीच्या धामधुमीतच, रिझर्व्ह बँकेने दहा रुपयांच्या नाण्याबद्दल खुलासा केला: रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे नाणे वैध आहे. तेवढ्याने भागले नाही. १७ जानेवारी २०१८ रोजी पुन्हा पत्रक काढावे लागले. आजवर या नाण्याचे १४ नमुने काढले असून ते सगळे चालतात, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. शंका असेल त्याने १४४४० या क्रमांकावर फोन करावा, अशी सोयही केली गेली.

तरीही तमिळनाडू, आंध्र, कर्नाटकाचा बराचसा भाग आणि आपल्याकडची कित्येक तालुक्याची गावे इथे "दहाचं नाणं चालत नाही" हे वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येत राहिले. मुंबईत तेच नाणे रिक्षावाला मुकाट्याने खिशात टाकतो. नाणे एक, सरकार एक, कायदा एक. आणि एका गावात ते पैसा, तर शेजारच्या गावात नुसती धातूची चकती. याचे ठरलेले स्पष्टीकरण म्हणजे अफवा आणि लोकांचे अज्ञान. मला ते अपुरे वाटते आणि लोकांवर अन्याय करणारेही. अफवा पसरली हे खरेच आहे. पण ती याच नाण्याला का चिकटली, पाचाच्या नाण्याला का नाही, याचे उत्तर नाण्यातच शोधायला हवे.

टेबलावर समोर ठेवलेले २०११ नंतरचे एक साधे दहाचे नाणे पाहू. व्यास २७ मिलिमीटर, वजन ७.७१ ग्रॅम. बाहेरचे कडे पिवळसर: ९२ टक्के तांबे, ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, २ टक्के निकेल. त्याचे वजन ४.४५ ग्रॅम. आतला गाभा पांढरा, स्टेनलेस स्टीलचा, ३.२६ ग्रॅमचा, त्यात ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम. चुंबक जवळ नेला तर गाभ्यामुळे नाणे चिकटते. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह आणि सत्यमेव जयते, कड्यावर एकीकडे भारत आणि दुसरीकडे इंडिया. दुसऱ्या बाजूला रुपयाचे चिन्ह, त्याखाली १० चा आकडा आणि वरच्या कड्यावर पंख्यासारख्या पसरलेल्या दहा रेषा. वर्षाच्या खाली हिऱ्याच्या आकाराची खूण दिसली तर नाणे मुंबईचे, तारा दिसला तर हैदराबादचे, ठिपका असेल तर नोएडाचे. काहीच खूण नसेल तर ते कोलकात्याच्या टांकसाळीतून आलेले. नाणे देखणे आहे. हातात भरते, खणखणते, चार वर्षे गल्ल्यात पडले तरी ओळखू येते.

दोन धातू एकत्र बसवण्याची क्रिया कल्पक आहे. कडे आणि गाभा वेगवेगळ्या पत्र्यांतून कापतात. गाभ्याच्या कडेला बारीक खाच पाडलेली असते. मग कड्यात गाभा ठेवून दोन ठशांच्या मध्ये एकच जबर दाब देतात. त्या एका फटक्यात दोन्ही बाजूंची चित्रे उमटतात आणि त्याच क्षणी कड्याचा धातू सरकून गाभ्याच्या खाचेत घट्ट बसतो. डिंक लागत नाही, डाग द्यावा लागत नाही. जमले तर जोड आयुष्यभर टिकतो, चुकले तर गाभा निखळतो. कॅनडाने १९९६ मध्ये आणलेल्या दोन डॉलरच्या नाण्याचे गाभे सुरुवातीला निखळत होते आणि तिथल्या वर्तमानपत्रांत तो चर्चेचा विषय झाला होता. आपल्या दहाच्या नाण्याबद्दल अशी मोठी तक्रार झाली नाही, आणि याचे श्रेय आपल्या टांकसाळींतल्या कारागिरांना द्यायला हवे.

एका धातूत दुसरा धातू घालण्यामागचा हेतू पहिल्यापासून एकच होता: खोटे नाणे पाडणाऱ्याचे काम अवघड करणे. इंग्लंडमध्ये १६८४ ते १६९२ या काळात कथिलाच्या फार्दिंगमध्ये तांब्याची खुंटी बसवत, ती याचसाठी. पण रोजच्या व्यवहारात खेळणारे आधुनिक द्विधातू नाणे पहिल्यांदा आणले ते इटलीने, १९८२ मध्ये: ५०० लिरांचे. त्यामागची पार्श्वभूमी आपल्याला फार ओळखीची वाटेल. सत्तरच्या दशकात इटलीत सुट्ट्यांचा भयंकर तुटवडा होता. दुकानदार सुट्ट्यांऐवजी गोळ्या आणि टेलिफोनची टोकन देत. १९७५ च्या सुमारास तर बँकांनी चिमुकल्या रकमांचे छापील धनादेश काढले आणि तेच हातोहाती पैशासारखे फिरू लागले. लाउरा क्रेतारा या शिल्पकर्तीने घडवलेले ५०० लिरांचे नाणे या सगळ्याला उत्तर म्हणून आले. त्यावर किंमत ब्रेल लिपीतही उठवलेली होती, म्हणजे न पाहणाऱ्या हातांचाही विचार त्यात होता. पुढे १९८८ मध्ये फ्रान्सने १० फ्रँकचे आणि थायलंडने १० बाहतचे द्विधातू नाणे काढले. नव्वदीत मेक्सिको, कॅनडा, ब्रिटन आले आणि २००२ मध्ये युरोची एक आणि दोन युरोची नाणी आली. तोवर मोठ्या किमतीचे नाणे दोन धातूंचे असणे ही जगाची रूढी झाली होती.

या देशांत द्विधातू नाण्याची खरी परीक्षा माणूस घेत नव्हता. ती यंत्र घेत होते. सिगारेट, तिकीट, कॉफी, पार्किंग, टेलिफोन: सगळीकडे नाणे खाचेत टाकायचे आणि यंत्राने ते तपासायचे. यंत्र नाण्याचा व्यास, जाडी आणि विद्युतचुंबकीय गुण तपासते; त्याला चित्राशी देणेघेणे नसते. दोन धातूंच्या नाण्याचे या गुणांची नक्कल करायला अवघड, म्हणून ते सुरक्षित. थायलंडचे १० बाहतचे नाणे दोन युरोच्या नाण्याशी आकाराने आणि वजनाने इतके जुळते की जुन्या यंत्रांना ते फसवत असे. धोका कुठे होता आणि पहारा कुठे होता, हे त्यावरून दिसते.

आपल्याकडे दहाचे नाणे तपासते कोण? भाजीवाली, कंडक्टर, पानटपरीवाला, पिठाच्या गिरणीचा मालक. त्यांच्याकडे यंत्र नाही, तराजू असला तरी नाण्यासाठी तो कोणी काढत नाही. त्यांच्याजवळ डोळा आहे आणि ओळख आहे. ज्या देशात नाणे यंत्राऐवजी डोळ्याने पारखले जाते, तिथे धातूच्या मिश्रणापेक्षा नाण्याच्या चेहऱ्याचा सारखेपणा महत्त्वाचा ठरतो. आपण धातूची हुशारी इटलीकडून घेतली, पण चेहरा मात्र फिरता ठेवला. माझ्या मते दहाच्या नाण्याची सगळी अडचण इथून सुरू होते.

त्याआधी भारतातली परिस्थिती थोडक्यात सांगायला हवी. दहा रुपयांचे नाणे आपल्याला अगदीच नवे नव्हते. गांधीजींच्या जन्मशताब्दीला, १९६९ मध्ये, १५ ग्रॅम वजनाचे, ८०० शुद्धतेच्या चांदीचे दहाचे नाणे निघाले होते. पण ते देव्हाऱ्यात किंवा कपाटात गेले. त्याने कोणी साखर आणली नाही. रोजच्या व्यवहारात दहा म्हणजे नोटच. आणि सुट्ट्यांची टंचाई हे तर आपले जुने दुखणे. आपल्या टांकसाळी पुऱ्या पडेनात म्हणून १९८५-८६ मध्ये ब्रिटन, कॅनडा आणि दक्षिण कोरियात नाणी पाडून आणली गेली. नव्वदीच्या अखेरीस पुन्हा परदेशी टांकसाळींचा आधार घ्यावा लागला. सुट्ट्यांच्या जागी चॉकलेट घेऊन घरी आलेल्या पिढीला हा काळ आठवत असेल.

नाण्याकडे वळण्याचे दुसरे कारण नोटेचे आयुष्य. दहाची नोट सर्वांत जास्त हातांतून जाते. ती घामाने भिजते, कमरेच्या पिशवीत चुरगळते, माशाच्या टोपलीत ओली होते, आणि काही महिन्यांत फाटायला येते. नाणे मात्र पंचवीस-तीस वर्षे सहज टिकते. २०१८ मध्ये माहितीच्या अधिकारात मिळालेल्या उत्तरात मुंबईच्या टांकसाळीने दहाचे नाणे पाडायला ५ रुपये ५४ पैसे खर्च येतो असे सांगितले होते. दहाची नोट छापायला रुपयाच्या आसपास लागतो. वरवर पाहता नाणे महाग. पण ज्या काळात एक नाणे चालते त्या काळात नोटा कितीदा नव्याने छापाव्या लागतात ते मोजले, तर नाण्याचे पारडे जड होते. शिवाय त्या खर्चात नाण्याच्या धातूची किंमत दर्शनी किमतीपेक्षा पुष्कळ कमी राहते, म्हणजे नाणी वितळवून विकण्याचा मोहही राहत नाही. साध्या निकेलमिश्रित तांब्याच्या जुन्या नाण्यांच्या बाबतीत तो मोह खरोखर होता. पूर्व सीमेवरून नाणी बांगलादेशात जाऊन त्यांची दाढीची पाती होतात, अशा बातम्या २००७ च्या सुमारास आल्या होत्या. त्यामुळे धातूच्या निवडीला नाव ठेवता येत नाही.

म्हणून द्विधातू दहा रुपयाचे नाणे काढण्याचा निर्णय योग्य होता, असेच मी म्हणेन. गडबड झाली ती ते काढण्याच्या पद्धतीत.

पहिली नाणी २००५ सालच्या ठशाची. विषय होता विविधतेत एकता: एकमेकांना छेदणाऱ्या दुहेरी रेषा आणि चार ठिपके, म्हणजे चार डोकी आणि एक शरीर. हीच आकृती लहान किमतीच्या नाण्यांवरही आली, तेव्हा ती क्रूसासारखी दिसते अशी ओरड झाली, आणि एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर २००७ पासून तिच्या जागी नृत्यातल्या हस्तमुद्रा आल्या. दहाचे नाणे लोकांच्या हातात पडायला २००९ उजाडले. तोवर दुसरा नमुना तयार होता. त्याचा विषय संपर्क आणि माहिती तंत्रज्ञान, आणि १० च्या आकड्यावर १५ रेषा. म्हणजे लोकांनी हे नाणे पहिल्यांदा पाहिले तेव्हाच त्याचे दोन चेहरे बाजारात होते. मग २०१० च्या जुलैमध्ये रुपयाचे नवे चिन्ह स्वीकारले गेले आणि २०११ मध्ये तिसरा नमुना आला: चिन्ह आहे, आकडा आहे, पण रेषा १५ च्या १० झाल्या. दोन वर्षांत तीन चेहरे. रेषा कमी का झाल्या, याचे कारण नाणे हातात घेणाऱ्या कोणाला सांगितले गेले नाही.

त्याच्या जोडीला स्मारक नाणी होती. रिझर्व्ह बँकेची पंचाहत्तरी, होमी भाभांची जन्मशताब्दी, संसदेची साठ वर्षे, वैष्णोदेवी देवस्थान मंडळ, काथ्या मंडळ. २०१५ या एकाच सालच्या ठशाची यादी पाहा: गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतले त्याची शताब्दी, आंतरराष्ट्रीय योग दिन, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, स्वामी चिन्मयानंद, राणी गाइदिन्ल्यू. येवल्याच्या मातीतले तात्या टोपेही दहाच्या नाण्यावर आले. या व्यक्ती आणि प्रसंग नाण्यावर येण्याच्या योग्यतेचे आहेत, यात वाद नाही. बाबासाहेबांचे नाणे तर माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत खर्च न करता जपून ठेवले आहे आणि ते नाणे काढल्याचे समाधान मोठे आहे. प्रश्न वेगळा आहे. स्मारक नाण्यावर एका बाजूला व्यक्तीचे चित्र येते आणि किंमत सिंहांच्या खाली लहान अक्षरांत जाते. साध्या नाण्यावरचा मोठा १० आणि त्यावरच्या रेषा, ज्यावरून माणूस नाणे ओळखतो, नेमके तेच गायब होते. दुकानदाराच्या हाती जे येते ते कड्याचे आणि गाभ्याचे रंग तेवढे ओळखीचे असलेले, बाकी अनोळखी नाणे.

युरोशी तुलना केली की हा मुद्दा लख्ख दिसतो. दोन युरोच्या नाण्याची एक बाजू प्रत्येक देश आपल्या मनाने ठरवतो आणि २००४ मध्ये ग्रीसने ऑलिंपिकसाठी पहिले स्मारक नाणे काढल्यापासून स्मारक नाण्यांची तर रीघ लागली आहे. आज वीसहून अधिक देश ते चलन वापरतात, म्हणजे चेहरे शेकड्यांनी. तरी फिनलंडचे नाणे लिस्बनच्या बेकरीत कोणी परत करत नाही. कारण दुसरी बाजू सगळ्यांची सारखी आहे. बेल्जियमच्या लुक लाउक्स यांनी काढलेला मोठा २ आणि युरोपचा नकाशा त्या बाजूला नेहमी असतो. दुकानदार तेवढेच पाहतो. आपल्याकडे किंमत कुठे आणि किती मोठी लिहिली आहे, हेच एका नमुन्यातून दुसऱ्या नमुन्यात बदलत गेले.

आता अफवेकडे वळू. २०१६ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवरून जे सगळीकडे फिरले त्यात दहा रेषांचे नाणे खरे, पंधरा रेषांचे खोटे; चिन्ह असलेले खरे, नसलेले खोटे, असे होते. दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. पण त्या हवेतून आलेल्या नव्हत्या. बाजारात खरोखरच दोन प्रकारची नाणी होती आणि त्यांच्यातला फरक नेमका हाच होता. शंका घेणाऱ्याने नाणे निरखून पाहिले होते. त्याला जो फरक दिसला त्याचा अर्थ सरकारने सांगितला नाही, म्हणून मोबाइलवरच्या निरोपाने सांगितला. त्याच सुमारास दिल्लीत बनावट नाणी पाडणारा कारखाना पोलिसांनी पकडला आणि अफवेला बातमीचे बळ मिळाले. रिझर्व्ह बँकेचा खुलासा आला तोपर्यंत निरोप कित्येक महिने पुढे निघून गेला होता.

आणि एकदा शंका आली की गाव कसे वागते हे पाहिले, तर दुकानदाराला दोष देता येत नाही. नाणे खरे आहे की खोटे यापेक्षा त्याच्यापुढे प्रश्न असतो तो हे पुढे कोण घेईल याचा. घाऊक व्यापारी घेत नसेल, कंडक्टर घेत नसेल, बँकेत रांगेत उभे राहून मोजून द्यावे लागणार असेल, तर शहाणा माणूस ते नाकारणारच. त्याने नाकारले की गिऱ्हाईकही पुढच्या दुकानात नाकारते. प्रत्येकजण आपल्या जागी समंजस वागतो आणि सगळे मिळून नाणे गावाबाहेर घालवतात. म्हणूनच नाण्याच्या नकाराला जिल्ह्याजिल्ह्यांची हद्द असते. जिथे एसटी आणि बाजार समिती घेतात, तिथे सगळेच घेतात.

बँकांची भूमिका इथे निर्णायक होती आणि ती कमी पडली. नाणी मोजायची, पिशव्यांत भरायची, तिजोरीत जागा द्यायची, हे काम कोणत्याच शाखेला नको असते. नोटबंदीनंतर नाण्यांचा पूर आला. २०१८ च्या जानेवारीत साठवायला जागा उरली नाही म्हणून चारही टांकसाळींचे नाणी पाडण्याचे काम काही काळ थांबवावे लागले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी परदेशातून नाणी आणणारा देश तो हाच. शिर्डीत साईबाबा संस्थानाच्या दानपेट्यांतली नाणी घ्यायला बँकांकडे जागा नाही, हा पेच २०२३ मध्ये चव्हाट्यावर आला. भक्ताने श्रद्धेने टाकलेला पैसा बँकेच्या दारात अडतो, हे दृश्य लोक पाहतात आणि त्यातून जो निष्कर्ष काढायचा तो काढतात. तमिळनाडूत २०२२ मध्ये एका तरुणाने सुमारे सहा लाख रुपयांची दहाची नाणी जमवून मोटार विकत घेतली. त्याच्या आईच्या दुकानातली नाणी कोणी घेत नव्हते, म्हणून त्याने हे केले. बातमी गमतीची म्हणून छापली गेली, पण तो एका घराचा रास्त निषेध होता. विक्रेत्याने त्याचे मन राखले, हेही नोंदवायला हवे. कारण २०११ च्या नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरच्या किमतीची नाणी एका वेळी फक्त एक हजार रुपयांपर्यंतच कायदेशीर देय मानली जातात. त्याहून जास्त नाणी घ्यायला कोणी बांधील नाही.

चेहरा आणि बँका यांच्यानंतर तिसरी गोष्ट नोटेची. दहाचे नाणे आले तरी दहाची नोट राहिली. इतकेच काय, ५ जानेवारी २०१८ रोजी कोणार्कच्या रथचक्राचे चित्र असलेली नवी तपकिरी नोट वाजतगाजत आली, म्हणजे नाण्याबद्दलच्या दुसऱ्या खुलाशाच्या बारा दिवस आधी. दोन्ही असताना माणूस हलके ते खिशात ठेवतो आणि जड ते दुसऱ्याला देऊ पाहतो. हा अनुभव इतर देशांनी आधीच घेतला होता. कॅनडाने दोन डॉलरचे नाणे आणले त्याच वेळी दोन डॉलरची नोट थांबवली. कुरकुर झाली, पण नाणे रुजले. ब्रिटनने १९८३ मध्ये एक पौंडाचे नाणे काढले आणि १९८८ मध्ये नोट काढून घेतली. अमेरिकेने मात्र एक डॉलरची नोट चालूच ठेवली आणि नाणे पुन्हापुन्हा काढले. २००७ पासून तर राष्ट्राध्यक्षांची चित्रे असलेली डॉलर नाणी काढली, दर वर्षी चार नवे चेहरे. लोकांनी ती घेतली नाहीत. मध्यवर्ती बँकेच्या तळघरांत एक अब्जाहून जास्त नाणी पडून राहिली, तेव्हा २०११ च्या डिसेंबरात व्यवहारासाठी ती पाडणे बंद करण्यात आले. नोट तशीच ठेवायची आणि नाण्याचे चेहरे बदलत राहायचे, या दोन्ही चुका तिथे एकत्र झाल्या होत्या. आपणही दोन्ही केल्या.

खोट्या नाण्यांचा धोका खरोखर वाढला तर काय करावे, याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले. तिथे जुन्या गोल पौंडाच्या दर तीस नाण्यांमागे एक खोटे निघू लागले. २८ मार्च २०१७ रोजी बारा बाजूंचे, दोन धातूंचे नवे नाणे आले. जुने नाणे १५ ऑक्टोबरपर्यंतच चालेल हे आधीच सांगितले होते आणि ती तारीख पाळली. साडेसहा महिन्यांत देश एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेला आणि दोघांचा घोळ उरला नाही. आपल्या २००५, २००८ आणि २०११ च्या नमुन्यांसाठी अशी एकही तारीख कधी ठरली नाही. सगळे कायम वैध राहिले. उदारपणा म्हणून ते चांगले, पण पारखणाऱ्या डोळ्याला ते जाचकच.

याची जबाबदारी कोणाची, हे विचारले तर उत्तर तीन ठिकाणी विभागले जाते. नाण्याचे रूप आणि विषय केंद्र सरकार ठरवते. नाणे पाडण्याचे काम टांकसाळींचे, आणि २००६ पासून त्या सरकारी मालकीच्या एका निगमाकडे आहेत. लोकांपर्यंत नाणे पोहोचवण्याचा अधिकार १९३४ च्या कायद्याने फक्त रिझर्व्ह बँकेचा. मुंबईत फोर्टमध्ये १८२९ साली उभी राहिलेली टांकसाळ आणि रिझर्व्ह बँकेची इमारत एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या आहेत. तरीही चेहरा बदलणारा आणि त्या चेहऱ्याची ओळख करून देणारा यांच्यात जो संवाद हवा तो दहाच्या नाण्याच्या बाबतीत झालेला दिसत नाही. स्मारक नाणे निघताना समारंभ होतो, पुढाऱ्यांच्या हातात नाण्याची चौकट दिसते. ते नाणे सहा महिन्यांनी भंडाऱ्याच्या बाजारात पोहोचेल तेव्हा त्याला ओळखणार कोण, हा प्रश्न त्या समारंभात कोणी विचारत नाही.

२०१९ मध्ये एक चांगले पाऊल पडले. ७ मार्चला नाण्यांची नवी मालिका जाहीर झाली. तिची मांडणी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने केली होती आणि दृष्टिहीनांना नाणे स्पर्शाने ओळखता यावे हा तिचा हेतू होता. त्याच मालिकेत वीस रुपयांचे पहिले नाणे आले: तेही द्विधातू, व्यास २७ मिलिमीटरच, पण बारा बाजूंचे, ८.५४ ग्रॅमचे. इथे रंग उलटे आहेत: पांढरे कडे आणि पिवळा गाभा. दहाचे गोल आणि विसाचे कोनी, हा भेद बोटांना लगेच कळतो. एक आणि दोन रुपयांची एकसारखी स्टीलची नाणी हाताळून कंटाळलेल्या अंध माणसाला यातला फरक विचारा, त्याचे मोल कळेल. पण विसाच्या नाण्यालाही दहाच्याच अडचणी आहेत: विसाची नोट चालू आहे आणि स्मारक विसाची नाणीही निघू लागली आहेत.

२०२३ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने क्यूआर कोड वापरून नाणी देणाऱ्या यंत्रांचा प्रयोग जाहीर केला, सुरुवातीला १२ शहरांतल्या १९ ठिकाणी. मोबाइलवरून पैसे द्यायचे आणि यंत्रातून हव्या त्या किमतीची नाणी घ्यायची. कल्पना स्वागतार्ह आहे, पण तिने नाणे द्यायची सोय होते, घ्यायची नाही. अडचण नेहमी घेण्याच्या टोकाला होती. ज्या दुकानदाराकडे संध्याकाळी तीनशे रुपयांची नाणी साठतात, त्याच्याकडून ती घेऊन खात्यात जमा करणारे यंत्र गावच्या शाखेत हवे. मोजायला माणूस बसवायची गरज नाही. नाणी मोजणारी आणि पारखणारी यंत्रे जगात पन्नास वर्षांपासून आहेत, आणि द्विधातू नाणे त्यांच्यासाठीच घडवलेले आहे.

मोबाइलवर चहाचे पैसे देणाऱ्या देशात नाण्याची चर्चा कशाला, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. ज्यांच्या फोनला चार्जिंग नाही, ज्यांच्या हातात फोनच नाही, ज्यांची मजुरी अजून रोज संध्याकाळी रोखीत होते, त्यांच्यासाठी दहा रुपये ही रक्कम लहान नाही. शाळेच्या गाडीला, दवाखान्याच्या चिठ्ठीला, देवळाच्या तबकात हेच दहा रुपये लागतात. कोणाच्या तरी खिशातले खरे दहा रुपये केवळ रेषा मोजून नाकारले गेले, तर त्या माणसाची तेवढी कमाई बुडते. नोटबंदीच्या महिन्यात तर दहाचे नाणे कितीतरी घरांत शेवटचा सुटा पैसा होता, आणि नेमके त्याच महिन्यात ते नाकारले जात होते.

करायच्या गोष्टी फार नाहीत आणि खर्चीक तर मुळीच नाहीत. स्मारक नाणी जरूर काढावीत, पण दहा आणि वीस रुपयांच्या चलनी नाण्यांवर नकोत. त्यासाठी शंभर, सव्वाशे, दोनशे रुपयांची संग्राह्य नाणी टांकसाळी आधीपासूनच पाडतात. साध्या नाण्याची किंमत दाखवणारी बाजू पुढची निदान वीस वर्षे बदलू नये. २०११ च्या आधीच्या नमुन्यांना मुदत देऊन ते बँकांनी बदलून घ्यावेत, आणि ती मुदत वर्षभर आधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. दहाच्या नोटा नव्याने छापणे टप्प्याटप्प्याने थांबवावे. आणि बँकांच्या शाखांनी गल्ल्यातली नाणी घेताना "आज नको, सोमवारी आणा" म्हणणे बंद करावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने जितक्या वेळा लोकांना समजावले तितक्या वेळा शाखांना जाब विचारावा. दुकानदाराचे नाणे बँकेने त्याच दिवशी घेतले, तर दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकाचेही घेईल.